लाल पट्टी, पांढरी पट्टी

आमच्या बागेचा इतिहास एका पानात लिहून द्या, असं वाइनवाले साहेब मला सांगून गेले. आमची द्राक्षं तेच घेतात. फाटकापाशी फलक लावायचाय म्हणे. पाहुणे येतील, वाचतील, फोटो काढतील. काम माझ्या गळ्यात पडलं, कारण घरात अक्षर तेवढं माझं बरं. मी म्हटलं, एक पान म्हणजे काय मोठंसं? चहा उकळेपर्यंत होईल.

कसलं काय! पहिल्याच वाक्याला गाडी अडली. बागेत पहिलं झाड कुठलं लागलं? आमचे हे म्हणाले, प्लमचं. यांची मोठी बहीण म्हणाली, "काहीतरीच! नासपतीचं. प्लम मागून आले. तू तेव्हा रांगत होतास." हे म्हणाले, "आणि तू काय ट्रॅक्टर चालवत होतीस?" झालं, दोघांची जुंपली. मी पेनाला टोपण लावलं आणि भांडी घासायला उठले.

ही जी यांची बहीण, म्हणजे माझी नणंद, त्यांना आख्खी बाग मुकादम म्हणते. मी तोंडावर ताई म्हणते आणि पाठीमागे मुकादम. अंगात भावाची जुनी पँट, डोक्यावर टोपी, टोपीवरून हनुवटीखाली बांधलेला रुमाल, आणि मागच्या खिशात छाटणीची कात्री. त्या कात्रीने आमच्या सोफ्याला दोनदा भोक पाडलंय. बोललं की म्हणतात, "सोफा चुकीच्या जागी ठेवलास तू." लग्न केलं नाही. का, ते विचारलं की दर वेळी वेगळं ऐकायला मिळतं. मला एकदा म्हणाल्या, "एक स्थळ चांगलं होतं गं. मी म्हटलं, छाटणी उरकली की बघू. मग विरळणी आली, मग तोडणी, मग परत छाटणी. तो थांबला की गेला, बघायचं राहूनच गेलं." यात खरं किती आणि मला गप्प करायला किती, देव जाणे.

बागेचं म्हणाल तर खाली सपाटीला फळझाडं, ती यांच्याकडे. वर टेकडीच्या उतारावर वाइनची द्राक्षं, ती मुकादमांची. वाइनची द्राक्षं खायची नसतात. बारीक, जाड सालीची, बियांनी भरलेली. पाहुणे हटकून तोंडात टाकतात आणि मग थुंकायला जागा शोधत फिरतात. मी स्वयंपाकघराच्या खिडकीतून बघत असते. तेवढीच करमणूक.

आता ओळींचा घोळ ऐका. बाबा, म्हणजे माझे सासरे, टेकडीवरच्या ओळी वरून मोजायचे, कारण त्यांनी लागवड वरून खाली करत आणली. मुकादमही वरूनच मोजतात. हे मोजतात खालून, कारण घर खाली आहे आणि यांना दम लागतो. म्हणजे आमच्या टेकडीला पहिल्या ओळी दोन. नवा मजूर आला की बरेच दिवस तो भलत्याच ओळीत सापडतो आणि दोघांचीही बोलणी खातो. मी कितीदा म्हटलं, पाट्या लावा. तर म्हणे, कशाला, सगळ्यांना माहीत आहे. सगळ्यांना माहीत आहे! हे या घराचं आवडतं वाक्य. याच वाक्याने मुकादमांची झोप उडवली, ते सांगायला बसलेय मी.

साहेब नुसता इतिहास मागायला आले नव्हते. चहाचा कप खाली ठेवता ठेवता त्यांनी सांगितलं, टेकडीवरच्या वेली आता काढून टाका. माल कमी येतो, घड एका वेळी पिकत नाहीत, आणि मुख्य म्हणजे जातीचं नाव कुणालाच सांगता येत नाही. त्यांनी पानं प्रयोगशाळेत तपासायला पाठवली होती. तिथून उत्तर आलं की ओळखीच्या कुठल्याच जातीशी जुळत नाहीत. "नावच नाही तर बाटलीवर लिहू काय?" साहेब म्हणाले. नवी रोपं ते द्यायला तयार होते. नाही म्हणालात तर पुढच्या हंगामापासून टेकडीचा माल घेणार नाही. निर्णय मुकादमांचा, आणि तो छाटणी सुरू व्हायच्या आत हवा. आमचा इतिहास फाटकावर लावायचा आणि वेली मात्र उपटायच्या, हे कुठलं गणित, मला काही कळेना.

मला वाटलं, मुकादम आता साहेबांना टेकडीवरून ढकलूनच देतात. पण तसलं काही झालं नाही. जेवताना ताटातलं इकडचं तिकडे करत राहिल्या आणि मग एकदम म्हणाल्या, "बाबांना त्या वेली ठेवायच्याच नसल्या तर?"

यांचा घास हातातच राहिला. पट्ट्यांचा विषय इतक्या वर्षांनी पहिल्यांदाच थट्टेशिवाय निघाला होता.

पट्ट्यांचं असं झालं. बाबांनी टेकडीवर लावायला द्राक्षाच्या काड्या आणल्या, त्या दोन जातींच्या दोन मोळ्या. येताना पाऊस लागला, वर बांधलेल्या चिठ्ठ्या धुऊन गेल्या, मोळ्या सुटल्या आणि काड्यांचा एकच ढीग झाला. बाबा म्हणाले, लावा तशाच, फळ आलं की कळेल. फळ आलं, तर दोन्ही काळीच! एकीचा घड जरा सुटा, एकीचा जरा घट्ट. पण तेही एकाच वेलीवर एका वर्षी असं आणि दुसऱ्या वर्षी तसं. तरी बाबांनी ठरवलं, दोन्हीतली एकच जात ठेवायची. मग दर तोडणीला ते टेकडी चढायचे, एकेका वेलीपाशी थांबायचे, दोन मणी चावायचे आणि खोडाला पट्टी बांधायचे. लाल पट्टी जुन्या रेनकोटाची, पांढरी खताच्या गोणीची. मागून मुकादम पट्ट्यांची पिशवी धरून. बाबा म्हणायचे, "लाल दे," नाहीतर म्हणायचे, "पांढरी दे." याहून एक अक्षर जास्त नाही. एक रंग ठेवायच्या वेलींचा आणि एक काढायच्या वेलींचा. कुठला कुठला? विचारायचं काय त्यात, सगळ्यांना माहीत होतं.

बाबा म्हणजे तसा एकवचनी माणूस, निदान घरात तरी. एकदा बोलले की बोलले, पण बोलायचे कुठे? सासूबाई तर म्हणायच्या, यांना भूक लागलीय का हेसुद्धा आपणच ओळखायचं.

मग एका तोडणीला बाबा प्लमच्या शेडमध्ये खोक्यांवर कोसळले. जीव वाचला, पण वाचा गेली आणि उजवी बाजू गेली. त्याच हिवाळ्यात नको त्या वेली उपटायच्या होत्या. मजूर ठरलेले होते. ताई म्हणाल्या, लाल ठेवायच्या. हे म्हणाले, लाल काढायच्या, ठेवायच्या वेलीला कुणी शहाणा माणूस लाल बांधतो का? ताई म्हणाल्या, "लाल बांधली की बाबा वेलीला थोपटायचे. मी बघितलंय." हे म्हणाले, "घोडी विकली तेव्हा तिलाही थोपटत होते." मी तेव्हा घरात नवी. मला हसू आवरेना आणि हसायची तर सोय नाही.

शेवटी दोघं बाबांच्या खोलीत आले. मी बाबांना चमच्याने दूध पाजत होते. ताईंनी विचारलं, "बाबा, लाल ठेवायच्या ना?" बाबांनी मान हलवली. ताईंचा चेहरा उजळला. हे खाली वाकले. "बाबा, नीट ऐका हं. पांढऱ्या ठेवायच्या ना?" बाबांनी परत मान हलवली. अगदी तश्शीच. आणि डोळ्यांतून पाणी आलं त्यांच्या. डॉक्टर म्हणाले, या आजारात असं होतं, माणूस कशालाही हो म्हणतो. मग पुढे कोण काय विचारणार? टेकडीवर ताई जास्त असायच्या, म्हणून ताईंचं ऐकलं. पांढऱ्या पट्टीच्या वेली गेल्या आणि त्यांच्या जागी लाल पट्टीच्या वेलींच्या काड्या लावल्या.

बाबांच्या खिडकीतून टेकडी दिसायची. वेली उपटत होते तेव्हा ते डावा हात सारखा हलवत होते. शाबास म्हणत होते की थांबा म्हणत होते, ते मला तेव्हा कळलं नाही आणि आजही कळत नाही. थंडी सरता सरता ते गेले.

पुढे त्याची घरात थट्टाच झाली. माल कमी आला की हे म्हणणार, "लाल ना, लाल! घ्या!" मुकादम उसळणार, "बाबांनी मान हलवली होती!" हे म्हणणार, "मलाही हलवली होती." मग दोघंही हसणार. मला आपलं वाटायचं, हसतायत म्हणजे विसरली असतील. अहो, विसरतंय कोण!

साहेब येऊन गेले आणि मुकादमांचं ताळतंत्रच सुटलं. सकाळी कात्री घेऊन जायच्या आणि एकही काडी न कापता परत यायच्या. भर दुपारी शेडचं कुलूप लावून किल्ली आत ठेवली. आणि मला धरून प्रश्न. "तू होतीस ना खोलीत? मला मान हलवली ती जरा जोरात होती ना?" मी म्हटलं, हो ताई. दुसऱ्या दिवशी, "त्याला हलवली ती जास्त जोरात होती का गं?" मी म्हटलं, नाही ताई. तिसऱ्या दिवशी, "दूध गिळताना हलली असेल का?" मी वैतागले. म्हटलं, "ताई, मी चमचा धरला होता. मान मोजत नव्हते."

त्या ओट्याला टेकून उभ्या राहिल्या. म्हणाल्या, "भलत्याच वेली सांभाळल्या असतील तर गं मी? सगळा जन्म?"

मला फार वाईट वाटलं. आणि रागही आला, त्यांचा नव्हे, बाबांचा. गेलेल्या माणसावर रागवू नये, कळतं मला, पण आला. एक वाक्य बोलायला काय जात होतं? पट्टी बांधताना नुसतं म्हणायचं, ही ठेवायची. मुलगी मागे पिशवी धरून उभी आहे ना!

त्यानंतर एका सकाळी मुकादम तयार होऊन आल्या आणि म्हणाल्या, "उपटू या. बाबांच्या मनात काय होतं ते मला कळत नाही. जे कळत नाही ते किती दिवस राखायचं? साहेबांची रोपं येऊ देत." इतक्या शांतपणे म्हणाल्या की हे भांडायचंच विसरले. आधी तारा सोडायच्या, खांब गोळा करायचे, मग वेली. "तू ट्रॉली घेऊन पहिल्या ओळीत ये," असं यांना सांगून मुकादम टेकडी चढायला लागल्या.

पहिल्या ओळीत! आता काय झालं असेल ते मी वेगळं सांगायला नको. मुकादम वरच्या पहिल्या ओळीत जाऊन वाट बघतायत आणि हे खालच्या पहिल्या ओळीत ट्रॅक्टर घालतायत. तिथे पाण्याच्या टाकीपाशी वळायला जागा नाही. यांनी मागे घेतला, ट्रॉलीचा कोपरा टोकाच्या वेलीवर गेला आणि खोड उभं फाटलं. वेल बाबांच्या हातची, अगदी पहिल्या लागवडीतली. मी खिडकीतून बघितलं आणि हातातली सुरी तशीच घेऊन धावले.

मुकादम वरून येताना दिसल्या. या वयात इतकं पळतं का कुणी! "डोळे काय घरी विसरलास?"

"पहिली म्हणालीस ना!"

"पहिली म्हणजे पहिली!"

"मग ही काय दुसरी आहे?"

"गप्प बसा दोघं," मी ओरडले. आयुष्यात पहिल्यांदा ओरडले असेन नणंदेवर. पण त्यांचं लक्षच नव्हतं. त्या गुडघ्यांवर बसून फाटलेलं खोड दोन्ही हातांनी जुळवत होत्या. "करवत आण," यांना म्हणाल्या. "जखम साफ कापली पाहिजे, नाहीतर पाणी शिरून कुजेल." तीच वेल उपटायला निघाली होती ही बाई! यांनी माझ्याकडे बघितलं, मी यांच्याकडे. हे करवत घेऊन आले.

फाटलेला भाग कापता कापता करवत अडली. खोडाला तिथे गाठीसारखा फुगवटा होता. मुकादमांनी साल बाजूला केली तर आत लाल काहीतरी दिसलं. रेनकोटाची पट्टी. वेल वाढत गेली आणि पट्टी तिने आत घेतली. रंग तसाच्या तसा.

"लाल," मुकादम म्हणाल्या.

"लालच असणार," हे म्हणाले. "पांढऱ्या तर आपण उपटल्या."

सुरी माझ्या हातातच होती. मी लाकूड जरा उकरलं. लाल पट्टीच्या आत, लाकडाच्या पातळ थराखाली, पांढरी पट्टी होती. खताच्या गोणीची, विणीसकट. मी अजून उकरलं. पांढरीच्याही आत एक पट्टी होती. लाल.

आम्ही तिघंही तिथेच बसलो. आधी लाल, मग पांढरी, मग परत लाल. एकाच वेलीला, वेगवेगळ्या वर्षांची. मुकादम उठल्या आणि शेजारच्या म्हाताऱ्या वेलींची खोडं चाचपत गेल्या. एकीला फुगवटा होता, त्यात लालखाली पांढरी निघाली. एकीला नुसतीच लाल. त्या परत येऊन बसल्या.

शेवटी हे म्हणाले, "पण मग लाल म्हणजे ठेवायची की काढायची?"

मुकादम हसायला लागल्या. हसता हसता डोळे पुसायला लागल्या. "अरे बाबा, त्यांनाच माहीत नव्हतं! एका वर्षी ठेवायची, एका वर्षी काढायची, परत मन फिरलं. आणि घरी येऊन असे बसायचे की जसं काही सगळं ठरलंय." मग हसू थांबलं. "मान दोन्हीला हलली ती आजाराने नाही रे. त्यांना दोन्ही हव्या होत्या."

हे खरं की नाही, मला ठाऊक नाही. आधीची पट्टी सालीआड गेली म्हणून हाताला लागेल त्या रंगाची दुसरी बांधली असेल, असंही माझ्या मनात आलं. मान हलवली तेव्हा बाबांना काही कळत तरी होतं की नाही, देवालाच माहीत. पण मी बोलले नाही. हेही बोलले नाहीत, आणि यांच्या आयुष्यात ही पहिलीच वेळ.

मुकादम घरी गेल्या आणि परत आल्या तेव्हा त्यांच्या हातात माझी हिरवी छत्री होती. चांगली, नवी छत्री! माझ्या डोळ्यांदेखत कात्रीने तिच्या पट्ट्या केल्या. मी म्हटलं, "अहो ताई!" त्यांनी पट्ट्यांचा गठ्ठा माझ्या हातात दिला. "धर. आणि मागे मागे ये."

पहिली पट्टी त्यांनी त्या फाटलेल्या वेलीलाच बांधली. मग ओळीने निघाल्या. एकेका वेलीपाशी थांबायच्या, खोड बघायच्या, कधी बांधायच्या, कधी पुढे जायच्या. सगळ्यांना नाही बांधली. काही वेली खरंच थकल्या होत्या, त्यांच्या जागी साहेबांची रोपं येऊ देत, म्हणाल्या. हिरव्या पट्टीच्या वेलींचा माल साहेबांनी नाही घेतला तर आपण व्हिनेगर करू, तेही नाही जमलं तर पाखरं खातील. साहेबांना फोन लावला. ते म्हणाले, विचार करून कळवतो. अजून कळवलेलं नाही. फलकाचं पानही कोरंच आहे, कारण पहिलं झाड प्लमचं की नासपतीचं, ते अजून ठरलेलं नाही.

ओळ संपली तशा मुकादम थांबल्या. यांना हाक मारली, शेडमधल्या मजुरांना हाक मारली. सगळे येऊन उभे राहिले.

"हिरवी म्हणजे ठेवायची," त्या म्हणाल्या. "म्हणा."

मजूर हसत हसत म्हणाले. मीही म्हटलं. हे म्हणाले, "माहीत आहे गं, सगळ्यांना माहीत आहे."

"माहीत आहे नकोय मला. म्हण."

"हिरवी म्हणजे ठेवायची."

"मोठ्यांदा."

यांनी खाली घराकडे बघितलं. बाबांच्या खोलीची खिडकी तिथून नीट दिसते. तिकडे बघतच हे ओरडले, "हिरवी म्हणजे ठेवायची!" आणि मग तोंड फिरवून ट्रॅक्टर काढायला निघून गेले.